दमट हवेतला दुकानाचा फ्रीज: वीजबिल कुठे वाढतं आणि कसं उतरवायचं

फ्रीजचं बिल वाढलं की मेकॅनिकला फोन जातो आणि पहिलंच वाक्य असतं, "गॅस कमी झालाय वाटतं, जरा भरून जा." मडगावचं मासळीचं दुकान असो, म्हापशाच्या बाजारातलं कोल्ड्रिंकचं दुकान असो की किनाऱ्यावरचा बार, सगळीकडे हीच तऱ्हा. पण फ्रीजमधला गॅस गाडीतल्या पेट्रोलसारखा वापरून संपत नाही. बंद नळ्यांमधून तोच गॅस वर्षानुवर्षं फिरत राहतो. तो कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे, दुसरं कारण नाही. आणि बहुतेक वेळा गॅस कमी झालेलाच नसतो. दाराचं रबर सैल झालेलं असतं, कंडेन्सर (उष्णता बाहेर टाकणारी जाळी) धुळीने नि तेलकटाने बुजलेला असतो, नाहीतर आत बर्फाचा थर चढलेला असतो. ही तिन्ही कामं गॅस भरण्यापेक्षा स्वस्त आहेत, आणि गॅस भरून त्यातलं एकही मार्गी लागत नाही.

इथे काचेच्या दाराचे उभे व्हिजी कूलर, आडवे डीप फ्रीझर आणि हॉटेलच्या किचनमधले स्टीलचे दोन-चार दारांचे फ्रीज, एवढ्यांबद्दल लिहितो आहे. मोठ्या कोल्ड स्टोरेजचा विषय वेगळा.

आपला खरा शत्रू दमटपणा

गोव्यात फ्रीजला उन्हापेक्षा हवेतलं पाणी जास्त छळतं. जूनच्या सुरुवातीची दुपार घ्या: ३२ अंश तापमान, ८० टक्के आर्द्रता. अशा एक किलो हवेत सुमारे २४ ग्रॅम पाण्याची वाफ असते. ही हवा ४ अंशांवर आणायला ७९ किलोज्यूलच्या आसपास उष्णता काढावी लागते, आणि त्यातले ५० किलोज्यूल निव्वळ त्या वाफेचं पाणी करण्यात जातात. घाटावर सोलापूरकडे कोरड्या उन्हाळ्यात ३५ अंश आणि २० टक्के आर्द्रता असेल, तर तेवढ्याच हवेला ३८ किलोज्यूल पुरतात. तापमान तिथे जास्त, तरी काम आपल्या निम्मं.

आता हे दाराला लावून पाहा. उभ्या कूलरचं दार उघडलं की आतली थंड हवा जड असल्यामुळे खालून बाहेर पडते आणि वरून दुकानातली हवा आत शिरते. आतली मोकळी जागा ३०० लिटर धरली आणि सगळी हवा बदलली असं मानलं, तर दर वेळी सुमारे ३५० ग्रॅम नवी हवा आणि तिच्यासोबत जवळजवळ सात ग्रॅम पाणी आत जातं. दिवसाला २०० वेळा दार उघडणाऱ्या दुकानात हे पाणी सव्वा लिटरच्या वर जातं. ही हवा थंड करून ते पाणी बाहेर काढायला दिवसाला साधारण एक युनिट वीज लागते. गिऱ्हाईक दार उघडणारच, ते टाळता येत नाही. पण रबर सैल असेल तर हीच हवा रात्री दुकान बंद असतानाही आत जात राहते, आणि त्या विजेच्या बदल्यात काहीच विकलं जात नाही.

आधी मोजा, मग हात लावा

सॉकेट आणि प्लग यांच्यामध्ये बसणारा वॅट मीटर मिळतो. १६ अँपिअरचा घ्यावा. सलग सात दिवस लावून ठेवा आणि रोज एकाच वेळेला युनिट लिहून ठेवा. आठवडा यासाठी, की शनिवार-रविवारची गर्दी आणि मंगळवारचा शुकशुकाट दोन्ही त्यात यायला हवेत. मग एका वेळी एकच दुरुस्ती करायची आणि पुन्हा आठवडाभर मोजायचं. तीन गोष्टी एकदम केल्या तर कशामुळे फरक पडला ते कळत नाही.

वायरभोवती पकडून अँपिअर मोजणाऱ्या नुसत्या क्लॅम्प मीटरवर विसंबू नका. २.४ अँपिअर आले, गुणिले २३० व्होल्ट, म्हणजे ५५० वॅट, असा हिशेब सर्रास मांडला जातो. छोट्या कॉम्प्रेसरचा पॉवर फॅक्टर (व्होल्ट गुणिले अँपिअरपैकी खऱ्या कामाला लागणारा वाटा) ०.६५ असेल तर खरे वॅट ३६० च होतात.

तापमान हवेचं मोजू नका, मालाचं मोजा. मधल्या फळीवर पाण्याने भरलेली अर्ध्या लिटरची बाटली ठेवून तिच्यात डिजिटल थर्मामीटरचा प्रोब बुडवा. दार उघडलं की हवेचं तापमान मिनिटात वर जातं, बाटलीतलं पाणी तेवढं हलत नाही. डीप फ्रीझरमध्ये प्रोब दोन पाकिटांच्या मध्ये दाबून ठेवला तरी चालतो.

आणखी एक फुकटची तपासणी. दुकान बंद झाल्यावर, दार अजिबात न उघडता, दोन तास कॉम्प्रेसर कधी सुरू होतो नि कधी थांबतो ते बघा. रात्रीच्या वेळी तो थांबतच नसेल, तर दोष दुकानाच्या वर्दळीचा नाही, यंत्राचा आहे.

दाराचं रबर

दहा रुपयांची नोट दारात धरून दार लावा आणि नोट ओढा. घासत, अडत बाहेर आली तर रबर ठीक आहे. सहज निसटली तर तिथून हवा जाते. दाराच्या चारही बाजूंनी दर वीतभर अंतरावर हे करा. बिजागरीच्या बाजूचा खालचा कोपरा सगळ्यात आधी जातो, तिथे विशेष बघा. स्टीलच्या दाराच्या फ्रीजमध्ये रात्री दिवे घालवून फोनचा टॉर्च आत पेटवून ठेवला, तर फटीतून उजेडाची रेघ दिसते. बुरशीसुद्धा बरंच सांगते: रबराच्या कडेला जिथे काळी रेघ धरली आहे, तिथे पाणी साचतं, म्हणजे तिथूनच दमट हवा आत येते.

रबर बदलण्याआधी ते धुऊन बघा, निम्म्या वेळा तेवढ्यावर भागतं. कोमट पाणी, भांड्यांचा साबण, जुना टूथब्रश. रबराच्या घड्या बोटाने उघडून आतली साखर, बिअरचा चिकटा, माशाचं पाणी काढायचं. रॉकेल, थिनर किंवा पेट्रोल लावू नका. त्याने रबर त्या दिवशी चकचकीत होतं आणि काही महिन्यांत कडक होऊन तडकतं. जिथे रबर आत दबलंय, तिथे हेअर ड्रायरने गरम करून बोटाने बाहेर ओढा आणि दार लावून थंड होऊ द्या. आतल्या चुंबकाची पट्टी तुटलेली किंवा गंजलेली असेल तर मात्र हा उपाय चालत नाही.

नवीन रबर आणायला नुसतं मॉडेलचं नाव घेऊन जाऊ नका. जुन्या रबराचा वीतभर तुकडा कापून सोबत न्या, कारण खाचेत दाबून बसणारं रबर वेगळं आणि पट्टीखाली स्क्रूने धरणारं वेगळं. खाचेत बसणारं असेल तर माप एका खाचेच्या मध्यापासून समोरच्या खाचेच्या मध्यापर्यंत घ्यायचं. नवं रबर खोक्यात दुमडून आलेलं असतं. ते अर्धा तास उन्हात सपाट पसरून ठेवलं की सरळ होतं. बसवताना आधी चार कोपरे, मग प्रत्येक बाजूचा मध्य, मग उरलेलं. एका कोपऱ्यापासून सुरुवात करून ओढत नेलं तर शेवटच्या कोपऱ्यात ते फुगतं. फेव्हिबॉण्डने चिकटवलेली रबरं बरीच दिसतात. खाच खराब झाली असेल तर खाच दुरुस्त करावी, चिकटवलेलं रबर पुढच्या वेळी फाडूनच काढावं लागतं.

रबर नवं आणि दार लोंबलेलं, तर पैसे वाया. बिजागरीतलं नायलॉनचं बुश झिजलं की दार तीन-चार मिलिमीटर खाली बसतं आणि वरच्या कोपऱ्यात फट पडते. बुश स्वस्तात मिळतं. फ्रीजचे पुढचे पाय मागच्यापेक्षा किंचित उंच ठेवा, म्हणजे दार आपोआप बंद व्हायला मदत होते. जुन्या दुकानांची फरशी क्वचितच सपाट असते, तेव्हा स्पिरिट लेव्हल लावून बघाच. व्हिजी कूलरच्या दारात पिळाची सळई असते. दार अर्धं उघडून सोडलं की ते स्वतःहून पूर्ण बंद झालं पाहिजे. शेवटच्या चार बोटांवर थांबत असेल तर सळईचा ताण वाढवून घ्या.

कंडेन्सर: सगळ्यात जास्त वीज इथेच वाचते

कंडेन्सर म्हणजे आतली उष्णता बाहेर टाकणारी जाळी, खाली किंवा मागे असते ती. तिचं तापमान एका अंशाने वाढलं की वीज साधारण दोन ते तीन टक्के जास्त लागते. स्वच्छ जाळीवर आर-१३४ए गॅस ४५ अंशांना, म्हणजे १५० पीएसआय दाबाच्या आसपास द्रवरूप होत असेल, तर बुजलेल्या जाळीवर तोच ५५ अंशांना, २०० पीएसआयच्या आसपास होतो. दहा अंशांचा फरक, म्हणजे वीस-तीस टक्के वीज. कॉम्प्रेसरचं आयुष्य घटतं ते वेगळं.

किचनमध्ये तळणाचा धूर आणि पीठ मिळून जाळीवर नमद्यासारखा थर बसतो. किनाऱ्यावर, कळंगुट-बागापासून कोलवा-पाळोळेपर्यंत, धूळ कमी असते पण खारा वारा असतो. ॲल्युमिनियमच्या फिन्सवर, म्हणजे जाळीच्या पातळ पट्ट्यांवर, पांढरी पूड दिसली की मीठ त्यांना खातंय असं समजा. अशी फिन बोट लावताच चुरते. तांब्याच्या नळीपासून फिन सुटली की जाळी कितीही स्वच्छ दिसली तरी उष्णता जात नाही.

साफ करण्याची रीत अशी. प्लग काढा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. पुढची जाळी काढा. सुका मऊ ब्रश फिन्सच्या दिशेने, वरून खाली फिरवा. आडवा फिरवला तर फिन्स वाकतात. मग व्हॅक्यूम क्लीनर हवा जिथून आत शिरते त्या बाजूला लावा, म्हणजे कचरा आला त्या वाटेने परत जाईल. ब्लोअर मारायचा तर उलट बाजूने, आतून बाहेर. किचनच्या फ्रीजला एवढं पुरत नाही. फॅनची मोटर आणि कॉम्प्रेसरची विजेची डबी प्लास्टिकने झाकून घ्या, ॲल्युमिनियमला चालणारं, ॲसिड नसलेलं कॉइल क्लीनर किंवा कोमट पाण्यात भांड्यांचा साबण फवारा, दहा मिनिटं मुरू द्या, आणि झारीसारख्या हलक्या धारेने धुवा. गाडी धुण्याचा प्रेशर पंप कधीच नाही, एका फटक्यात सगळ्या फिन्स आडव्या होतात. पूर्ण सुकल्यावरच प्लग लावा. वाकलेल्या फिन्स फिन-कंगव्याने सरळ करता येतात.

हे किचनमध्ये दर महिन्याला, साध्या दुकानात दर तीन महिन्यांनी करावं. किनाऱ्यालगत दर महिन्याला गोड्या पाण्याने नुसतं धुतलं तरी फिन्स जास्त वर्षं टिकतात. जाळी बदलायची वेळ आलीच तर फिन्सवर कोटिंग असलेली घ्या. ती थोडी महाग पडते, पण आपल्या हवेत उघड्या ॲल्युमिनियमवर पैसे घालण्यात अर्थ नाही.

साफसफाई करताना दोन गोष्टी हमखास निसटतात. एक, फॅनचं पातं. दुरुस्तीनंतर पातं उलटं बसवलेलं असतं किंवा वेगळ्या मापाचं असतं, फॅन फिरताना दिसतो पण हवा निम्मीच ओढतो. कंडेन्सरसमोर कागद धरा, तो जाळीला चिकटून राहिला पाहिजे. दुसरी, जाळी आणि बाजूचा पत्रा यांच्यातली फट. तिथून गरम हवा वळून पुन्हा जाळीत शिरते. ॲल्युमिनियमच्या टेपने फट बंद करा.

जागा हा त्याचाच भाग. मागे नि बाजूला किमान १५ सेंटीमीटर, वर ३० सेंटीमीटर मोकळं हवं. फ्रायरला किंवा तंदूरला खेटून फ्रीज नको. दोन कूलर शेजारी असतील तर एकाची गरम हवा दुसऱ्याच्या तोंडात जात नाही ना, ते बघा. पश्चिमेचं ऊन थेट काचेवर येत असेल तर छपराला ताडपत्री किंवा शेडनेट लावा.

डीप फ्रीझरची गोष्ट निराळी. बऱ्याच आडव्या फ्रीझरमध्ये कंडेन्सरच्या नळ्या बाहेरच्या पत्र्याच्या आतून फिरवलेल्या असतात, म्हणून बाजू हाताला गरम लागतात. तो बिघाड नाही. पण मासळीच्या दुकानात पाणी उडू नये म्हणून फ्रीझरला चारही बाजूंनी प्लास्टिक गुंडाळतात, किंवा बाजूला थर्माकोलच्या पेट्या रचतात, तेव्हा तीच उष्णता आत कोंडते. पाणी अडवायचं असेल तर हातभर अंतरावर पत्रा उभा करा, फ्रीझरच्या अंगाला काही लावू नका.

फॅन, दिवा आणि काचेचा हीटर

फ्रीजच्या आत जळणारा प्रत्येक वॅट दोनदा भरावा लागतो. एकदा तो जाळायला आणि पुन्हा त्याची उष्णता बाहेर काढायला. म्हणून आतल्या वस्तू आधी बदला.

आतल्या फॅनची साधी शेडेड पोल मोटर '१० वॉटची' म्हणून विकली जाते. ते १० वॅट तिने दिलेले असतात, घेते ती ३६ ते ४० वॅट. तेवढंच काम करणारी ईसी (इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाची) मोटर १५ वॅटच्या आत भागवते. फरक २३ वॅट धरला तर २४ तासांत अर्ध्या युनिटच्या वर, आणि त्या उष्णतेसाठी लागणारी वीज मिळवून पाऊण युनिटच्या आसपास. वर्षाला पावणेतीनशे युनिट एका मोटरमागे. आपल्या बिलातल्या दराने गुणा आणि मोटरच्या किमतीशी ताडून बघा. बदलताना फिरण्याची दिशा, पात्याचं माप आणि हवा ढकलणारी की ओढणारी, या तिन्ही गोष्टी जुन्या मोटरशी जुळल्या पाहिजेत. चुकल्या तर कॉइल, म्हणजे आतली थंड नळ्यांची जाळी, गोठते.

जुन्या कूलरमधली ३६ वॅटची ट्यूब चोकसकट ४५ ते ५० वॅट घेते. १८ वॅटची एलईडी लावली तर बारा तासांत आतली उष्णता धरून जवळपास अर्धं युनिट वाचतं. चोक काढून टाकायला विसरू नका. रात्री दुकान बंद केल्यावर दिवा बंद होईल असं बटण किंवा टायमर लावा.

काचेच्या दाराच्या फ्रीझरला काचेवर दव धरू नये म्हणून बारीक हीटर असतो. पावसाळ्यात तो लागतोच. तो बंद केला तर काच धुरकट होते, गिऱ्हाईक बघायला म्हणून दार उघडतं आणि वाचवलेलं सगळं जातं. डिसेंबर-जानेवारीच्या कोरड्या दिवसांत मात्र काही तास बंद ठेवून बघण्यासारखा आहे. दव आलं नाही तर तसंच चालू द्या.

बर्फ

कॉइलवर भुसभुशीत बर्फ बसला की तो रजईचं काम करतो. गॅस आणखी थंड व्हावा लागतो, कॉम्प्रेसर जास्त वेळ चालतो, आणि तरी माल थंड होत नाही. आडव्या फ्रीझरच्या भिंतीवर पाच-सहा मिलिमीटर थर झाला की वितळवायचा, बोटभर होईपर्यंत थांबायचं नाही. प्लग काढा, माल बर्फाच्या पेटीत हलवा, आत गरम पाण्याचं पातेलं ठेवून झाकण लावा. सुरीने किंवा स्क्रू ड्रायव्हरने बर्फ खरवडणं म्हणजे नळीला भोक पाडण्याची खात्री. ॲल्युमिनियमच्या आतल्या नळीची गळती दुरुस्त होणं कठीण, बहुतेक वेळा फ्रीझरच जातो.

आपोआप डिफ्रॉस्ट होणाऱ्या फ्रीजमध्ये टायमर, हीटर आणि कॉइलवरचा तापमानाचा स्विच, असे तीन भाग असतात. बर्फ साचत असेल तर हे तिन्ही मल्टिमीटरने तपासा. कॉइल गोठलेली असताना तो स्विच जोडलेला दिसायला हवा, आणि हीटरला ठरावीक ओहम. स्विच उघडाच राहिला तर हीटर लागतच नाही. चिकटून राहिला तर बर्फ संपल्यावरही हीटर वेळ पुरी होईपर्यंत जळतो, म्हणजे आत चूल पेटवून वर कॉम्प्रेसर चालवल्यासारखं. पाणी बाहेर नेणारी नळी तुंबली तर खाली बर्फाची लादी होते. त्या नळीला बाहेर एक यू-वळण असायला हवं. ते नसेल तर फ्रीज नळीतून दमट हवा ओढत राहतो. दुरुस्तीत कापून टाकलेलं हे वळण पुन्हा लावायला दहा मिनिटंही लागत नाहीत.

किती थंड, किती भरलेलं

थर्मोस्टॅटची चकती '७' वर ठेवून माल लवकर थंड होतो हा गैरसमज आहे. चकती फक्त कधी थांबायचं ते ठरवते. कोल्ड्रिंक ३ ते ५ अंशांवर उत्तम लागतं. दूध आणि शिजवलेले पदार्थ ५ अंशांच्या आत, आइस्क्रीम आणि गोठवलेली मासळी उणे १८ किंवा त्याखाली. इथे वीज वाचवण्यासाठी एक अंशही सवलत घेऊ नका, ते लोकांच्या पोटाशी खेळणं आहे. पण उणे १८ पुरेसं असताना उणे २५ वर चालवणं हा निव्वळ तोटा. फक्त बाटल्या असलेला कूलर रात्री टायमरने बंद ठेवता येतो, दुकान उघडण्याआधी तीन तास सुरू करायचा. दूध, चीज, मासळी, मांस असलेला फ्रीज कधीही नाही.

मासळीवाल्यांनी हे नक्की वाचावं. १० किलो बांगडे ३० अंशांवरून उणे १८ वर न्यायला सुमारे ४,००० किलोज्यूल, म्हणजे १,१०० वॅट-तास उष्णता काढावी लागते. ३०० लिटरच्या फ्रीझरची थंड करण्याची ताकद २०० वॅट धरली तर एवढ्यालाच साडेपाच तास गेले, आणि तोवर आतला आधीचा माल नरम पडला. हे फ्रीझर गोठवलेला माल ठेवायला बनवलेले असतात, ताजी इसवण गोठवायला नव्हेत. मासळी आधी बर्फात शून्याजवळ आणा, पाणी निथळा, आणि थोडी थोडी, भिंतीला चिकटवून पातळ थरात ठेवा. उभ्या फ्रीजमध्ये आतल्या फॅनसमोर खोका नको, मागच्या भिंतीपासून तीन बोटं जागा सोडा. फळीवर पुठ्ठा अंथरला की हवा खाली उतरत नाही, खालचा माल गरम राहतो आणि मग चकती '७' वर जाते. उकळता रस्सा आत ठेवू नका. उथळ ताटात काढून, ताट बर्फाच्या पाण्यात ठेवून निववा आणि दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये टाका.

वायर आणि व्होल्टेज

खाऱ्या हवेत प्लगच्या पिना काळ्या पडतात. अर्धा तास फ्रीज चालल्यावर प्लगला हात लावा. गरम लागला तर तिथे वीज जळतेय आणि आगीचीही भीती आहे. सॉकेट बदला. बारीक वायरचा लांब एक्स्टेन्शन बोर्ड काढून टाका, १६ अँपिअरचा पॉइंट आणि २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर हवी. व्होल्टेज १८० च्या खाली जात असेल तर स्टॅबिलायझर लागेल, तोही किमान तीन मिनिटांचा विलंब असलेला. वीज जाऊन लगेच आली आणि कॉम्प्रेसर दाबाविरुद्ध सुरू व्हायला धडपडला, की वाइंडिंग जळायला वेळ लागत नाही.

गॅसचा नंबर शेवटचा

वरचं सगळं झालं आणि तरी कॉम्प्रेसर थांबत नाही, कॉइलच्या फक्त सुरुवातीच्या भागावर दव किंवा बर्फ आहे आणि पुढचा भाग सुका आहे, तेव्हा गॅस कमी असल्याचा संशय घ्या. मेकॅनिककडून पाच गोष्टी मागून घ्या. नायट्रोजन भरून गळती शोधणं. ती ब्रेझिंग करून बंद करणं. फिल्टर ड्रायर नवा. व्हॅक्यूम पंपाने ५०० मायक्रॉनपर्यंत व्हॅक्यूम, आणि तो टिकतो का ते बघणं. शेवटी, प्लेटवर लिहिलेल्या ग्रॅमइतकाच गॅस वजनकाट्यावर मोजून. कॅपिलरीच्या (बारीक नळीतून गॅस सोडणाऱ्या) फ्रीजमध्ये १८० ग्रॅमच्या जागी २०० झाले तरी फरक पडतो. जास्त झाला की परतीच्या नळीवर कॉम्प्रेसरपर्यंत बर्फ येतो. 'हाताला थंड लागेपर्यंत भरला' ही पद्धत आपल्या बिलावर चालते. आर-१३४ए च्या यंत्रातलं तेल हवेतली ओल झपाट्याने शोषतं. पावसाळ्यात नळ्या उघड्या टाकून जेवायला जाणाऱ्याला काम देऊ नका.

आणि जुन्या यंत्रात स्वस्त म्हणून प्रोपेन किंवा एलपीजी भरू देऊ नका. ते ज्वलनशील आहे, आणि जुन्या यंत्राचे स्विच, रिले, हीटर ठिणगीपासून सुरक्षित केलेले नसतात.

मुळातच आर-२९० (प्रोपेन) साठी बनवलेलं नवं यंत्र मात्र उत्तम. कार्बन डायऑक्साइडचा १ धरला तर प्रोपेनचा तापमानवाढीचा आकडा ३, आर-१३४ए चा १,४३०, आर-४०४ए चा ३,९०० च्या वर. भारताने २०२१ मध्ये असे गॅस कमी करण्याचा आंतरराष्ट्रीय किगाली करार स्वीकारला आहे आणि एचएफसी गॅसची (आर-१३४ए, आर-४०४ए वगैरे) कपात २०३२ पासून सुरू होणार आहे, तेव्हा आज आर-४०४ए चं नवं यंत्र घेणं शहाणपणाचं नाही. डीप फ्रीझर घेताना बीईईच्या (ऊर्जा दक्षता ब्यूरोच्या) लेबलवरचे नुसते तारे मोजू नका, वर्षाचे युनिट आणि लिटर दोन्ही वाचा. जुना कधी काढायचा? बाहेरचा पत्रा गंजून पफमध्ये (भिंतीतल्या उष्णतारोधक फोममध्ये) पाणी मुरलं की. पावसाळ्यात अंगावर एकाच ठिकाणी सतत घाम दिसतो, तिथे दाबलं की पत्रा आत जातो. त्यावर इलाज नाही.

१ जून ते ३१ जुलै

मासेमारी बंदीच्या या दोन महिन्यांत अर्धे भरलेले दोन फ्रीझर चालवू नका, माल एकात आणा. किनाऱ्यावरच्या शॅकवाल्यांनी कूलर आवरताना कंडेन्सर गोड्या पाण्याने धुऊन सुकवूनच ठेवावा. मीठ तसंच राहिलं तर पावसाळाभर ओल धरून फिन्स खातं. आतून खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने पुसा, सुकवा, दारात लाकडाचा तुकडा अडकवून ते उघडं ठेवा, खाली ठोकळे द्या, वर चादर टाका, प्लास्टिक नको. ऑक्टोबरमध्ये सुरू करण्याआधी उंदरांनी वायर कुरतडल्या आहेत का ते बघा, फॅन हाताने फिरवून बघा, नोटेने रबर तपासा. वाहतुकीत कूलर आडवा केला असेल तर २४ तास उभा ठेवूनच प्लग लावा. रिकामा चालवून तापमान गाठू द्या, मग माल निम्मा-निम्मा भरा.